सुपात मांडलेलं टोपडं

पुलगावहून आलेला गिरणीतला माणूस दारात उभा राहिला तेव्हा मी पाटावर बसून तांदूळ निवडत होते. आठच दिवसांपूर्वी तो असाच आला होता, माझ्या मुलीबद्दल माझ्या नणंदेचा निरोप घेऊन. पोरगी बरी आहे ना, तेवढं विचारून ये, असं तिने सांगितलं होतं. आताही तेच असणार असं धरून मी बसल्या जागेवरूनच म्हटलं, "बरी आहे म्हणावं. शाळेत गेली आहे. ताईंना सांगा, जिवाला इतका घोर लावून घेऊ नका." तो जागचा हलेना. पायरीवर बसेना, दिलेलं पाणी घेईना. मग डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात धरली आणि म्हणाला, "बाई, कमळाबाई गेल्या. आज सकाळी." मी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि दुसरा शोधायला लागले... माणसाला अशा वेळी काय होतं कोण जाणे. तो परत स्टेशनाकडे गेल्यावर, सगळे तांदूळ निवडून झाल्यावर, मला रडू फुटलं.

त्याला आता महिना उलटून गेला. वर्तमानपत्राच्या ह्या पुरवणीत मोठ्या माणसांच्या आठवणी येतात. माझी नणंद कुणी मोठी नव्हती. तिला सही करता येत नव्हती, तिचा फोटो नाही, आणि पुलगावातल्या दोन खोल्यांच्या बाहेर तिचं नाव कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी मी लिहिते आहे. का लिहिते आहे ते शेवटपर्यंत वाचलं तर कळेल, आणि कळल्यावर माझ्याबद्दल वाचणाऱ्यांचं मत काही फार चांगलं राहायचं नाही. तेही ठीकच आहे.

कमळाताई ह्यांच्या थोरल्या बहीण. माहेर रोहण्याचं, घरची शेती. लग्न होऊन पुलगावला आल्या, कारण भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, कापडगिरणीत कामाला. मी ह्या घरात आले तेव्हा ताईंच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि त्यांना मूल नव्हतं. एवढ्या एका गोष्टीवरून बाईचं काय काय होतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. रोहण्यात त्या माहेरपणाला आल्या की आळीतल्या बायका आपल्या लेकराचं तोंड सहज केल्यासारखं पदराखाली घेत. ताईंना ते दिसत असे. त्या बाहेरूनच "बरं हाय ना सगळं?" असं विचारून पुढे जात. त्यांचा चेहरा तेव्हा असा हसरा असे की मला त्यांचा रागच येई. मी वर्ध्याच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, शुद्ध बोलायचा हट्ट धरणारी, आणि नाकाने कांदे सोलण्यात पटाईत. मला वाटे, ह्या बाईने एकदा तरी कुणाला तरी दोन शब्द सुनवावेत.

आमच्या जिल्ह्यात लोकरीचं काय काम, असं कुणीही विचारील. उन्हाने माणूस करपतो तिथे विणकाम कुठलं? पण पुलगावला लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो आहे, तिथे पहाडी मुलखातले शिपाई असतात आणि त्यांच्या बायकांचे हात रिकामे राहत नाहीत. अशीच एक सुभेदारीणबाई ताईंच्या शेजारी काही वर्षं राहिली. तिने ताईंना विणायला शिकवलं. ती हिंदीतून सांगायची, ताई वऱ्हाडीतून विचारायच्या, आणि सुया चालायच्या. त्या सुयासुद्धा दुकानातल्या नव्हत्या. भाऊजींनी सायकलच्या तारा तोडून, घासून, टोकं गुळगुळीत करून दिलेल्या होत्या. मला शाळेत विणकाम होतं, माझ्याकडे छापील नमुन्यांचं पुस्तक होतं. ताईंना आकडे वाचता येत नसत. त्या विसांनी मोजत. चौसष्ट टाके म्हणजे "तीन विसा न् चार". मी त्याला हसत असे, आणि माझं हसणं संपेपर्यंत त्यांची ओळ विणून झालेली असे.

माझं पहिलं मूल माझ्या माहेरी, वर्ध्याला झालं. मुलगा. ताई तिसऱ्या दिवशी पुलगावहून भेटायला आल्या. कुणी काही बोलायच्या आत मीच तो त्यांच्या मांडीवर दिला. शिकलेली होते ना! त्या त्याच्याकडे कितीतरी वेळ पाहत बसल्या. एवढंच म्हणाल्या, "किती गोड हाय वं सुमन." पाचव्या दिवशी मुलाने दूध सोडलं. सहाव्या दिवशी तो नव्हता. डॉक्टर आले होते, त्यांनी काहीतरी नावही सांगितलं. पण ओसरीवर बसलेल्या बायकांना डॉक्टरचं नाव नको होतं, त्यांच्याकडे दुसरं नाव तयार होतं. ते कुणी मोठ्याने घेतलं नाही. ताईंना मात्र ते बरोबर ऐकू गेलं. मला त्यांचं वागणं तेव्हा कळलं नाही, कारण मी माझ्या दुःखात बुडालेले होते. एवढंच आठवतं की जाताना त्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस राहिले. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. भादव्यात ह्यांना कामासाठी महिनाभर नागपूरला राहावं लागलं आणि ह्यांनी मला ताईंकडे पुलगावला नेऊन ठेवलं. ताई आधी नकोच म्हणत होत्या. "माह्याकडे नको आनू तिले, रोहन्याले ने," असं त्या भावाला दारातच म्हणाल्या. हे बहिणीचंही ऐकणाऱ्यातले नाहीत. ते पिशवी ठेवून निघून गेले. मग तो महिना ताईंनी मला तळहातावर ठेवलं, पण माझ्या पोटाकडे एकदाही सरळ बघितलं नाही.

त्याच महिन्यात ते टोपडं जन्माला आलं. बाळाला बारशाला टोपडं घालायचं ते आत्याने, आणि कानात नाव सांगायचं तेही आत्याने, हा आपला रिवाज. आणि मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवायचं नाही, विणायचं नाही, हाही रिवाजच. एकदा पोळलेल्या घरात तर तो फारच कडक. म्हणजे आत्याच्या हाती फक्त बारा दिवस. ताईंनी त्यावर तोड काढली. दुपारची भांडी झाली की त्या सूप मांडीवर घेत आणि त्यात दाणे मांडत. जवारीचा दाणा म्हणजे सुलट टाका, तुरीचा दाणा म्हणजे उलट टाका. एकेक ओळ मांडायची, लांबून बघायची, चार दाणे उचलायचे, पुन्हा मांडायचे. मी विचारलं, "ताई, हे चालतं का?" त्या म्हणाल्या, "सुईवर टाका घालाले मनाई हाय. सुपात दाने मांडाले कोन मना करते?" आणि संध्याकाळ झाली की सगळे दाणे गोळा करून, पाखडून, परत डब्यात. दुसऱ्या दिवशी कालची ओळ त्यांच्या बोटांना पाठ असे.

मी माझं छापील पुस्तक काढून दाखवलं. त्यात कितीतरी टोपडी होती. सुभेदारीणबाईच्या बाळाचं टोपडंही ताईंनी हातात घेऊन पाहिलेलं होतं. दोन्ही त्यांना पसंत नव्हती. "हे पहाडातल्या लेकराचं हाय," त्या म्हणाल्या. "आपल्या इकडे सकाळी थंडी न् दहा वाजता ऊन. असं घातलं तं डोक्सं उकडून जाईन." मग त्यांनी ठरवलं की लोकर फक्त कानावर घ्यायची, बाकी सगळं सूत. भाऊजींकडून पांढरं सूत आणवून त्यांनी त्याचे चार पदर एकत्र पिळले आणि मांडीवर वळून लोकरीच्या जाडीचा धागा केला. पुस्तकातल्या टोपड्याला मागे शिवण होती. त्यावर त्यांचं बोट थांबलं. "लेकरू उताणं निजते. शिवण टोचन नाई काय?" म्हणून चार सुयांवर गोल विणायचं, पायमोजा विणतात तसं, म्हणजे शिवणच नको. आणि वरचे टाके बंद करायचेच नाहीत. तिथे नाडी ओवायची. सकाळी टाळूवर तेल घालायचं झालं की नाडी सैल करायची, तेल घालायचं, पुन्हा ओढून घ्यायची. टोपडं काढायला नको, बाळाला वारा लागायला नको. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही टोपड्यात मला ते दिसलेलं नाही. रंगाचं म्हणाल तर घरामागच्या शेतात पराटीला, म्हणजे कपाशीला, फुलं आली होती. पराटीचं फूल उमलतं तेव्हा पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. ताईंनी खाली पिवळी ओळ धरली, वर गुलाबी. तेवढी लोकर सुभेदारीणबाईच्या उरल्यासुरल्या गुंड्यांतून मिळण्यासारखी होती.

एके दुपारी ताई पाणी भरायला उठल्या आणि मी सूप जवळ ओढून त्यांची ओळ मोजत बसले. खालच्या काठाला, आत दुमडायच्या भागात, जवारीच्या दाण्यांमध्ये एक उडदाचा काळा दाणा होता. डाळीतून चुकून आला असेल म्हणून मी तो उचलला आणि त्याच्या जागी जवारीचा ठेवला. ताई परत आल्या. त्यांनी सुपाकडे पाहिलं, जवारीचा दाणा काढला, डब्यातून उडदाचा घेतला आणि नेमका त्याच जागी ठेवला. मी म्हटलं, "हा काळा टाका आहे का?" त्या म्हणाल्या, "हव." मी म्हटलं, "कशासाठी?" त्या म्हणाल्या, "असू दे." मी पुढे विचारलं नाही. मला वाटलं, असेल काहीतरी त्यांच्या मनातली नक्षी.

ह्या वेळी बाळंतपण माहेरी करायला घरात कुणाचं मन होईना, म्हणून मी रोहण्याला सासरीच राहिले. मार्गशीर्षात मुलगी झाली. पुलगावला निरोप गेला त्या दिवशी ताईंनी सुईवर पहिला टाका घातला. भाऊजी सांगतात, त्यांनी ते टोपडं तीनदा उसवलं. एकदा कानापाशी घट्ट वाटलं म्हणून, एकदा गुलाबी ओळ वाकडी गेली म्हणून, आणि एकदा काहीच चुकलं नव्हतं तरी. बाराव्या दिवशी त्या आर्वीच्या छोट्या गाडीने एकट्या रोहण्याला आल्या. नवं लुगडं, हातात पितळी डबा, डब्यात टोपडं. मी खोलीतून पाहिलं तेव्हा त्या अंगणात पाय धूत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. पाच-सहा घरच्या बायका ओसरीवर जमल्या होत्या. पाळणा बांधला होता.

ताईंनी टोपडं काढलं आणि रीतीप्रमाणे आधी सासूबाईंच्या हातात दिलं. सासूबाई म्हणजे ताईंची आई, हे विसरू नये. त्यांनी ते उलटून पालटून पाहिलं. कौतुकच करत होत्या. नाडी ओढून पाहिली, सोडून पाहिली, शेजारणीला दाखवली. मग काठ उलटला. डाव्या कानामागे जो भाग येतो तिथे, आतल्या दुमडीत, एक काळा टाका होता. बाहेरून दिसत नव्हता. सासूबाईंचा हात थांबला. "हे काळं काय हाय, कमळे?" शेजारणीही वाकून पाहू लागल्या. "बारशाच्या टोपड्यात काळं? न् तेही आतून लपवून? काऊन घातलं, सांग नं." कुणीतरी हळूच म्हणालं, "राहू द्या बाप्पा, पयल्याचं आठवा." एवढंच. आणि मग ताईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी एवढं सगळं लिहिलं. मला त्या टाक्याबद्दल ठाऊक होतं. कशासाठी ते ठाऊक नव्हतं, पण तो चोरून घातलेला नव्हता, माझ्या डोळ्यांपुढे भर दुपारी सुपात मांडलेला होता, हे ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी पाहिलंय, मला विचारून घातलाय, घाला टोपडं, एवढं. बाळंतिणीचा शब्द त्या दिवशी कुणी मोडत नाही. आणि मी मूग गिळून बसले. मांडीवर बारा दिवसांची मुलगी होती. सहाव्या दिवशी गेलेला मुलगा आठवत होता, त्याला मांडीवर घेऊन बसलेल्या ताई आठवत होत्या. सातवी शिकलेल्या, छापील पुस्तक वाचणाऱ्या सुमनबाईंना त्या क्षणी सगळ्या ओसरीइतकीच भीती वाटली. मी मुलीचं तोंड पदराखाली घेतलं. हातच तसा गेला... ताईंनी ते पाहिलं आणि नजर खाली घेतली.

मुलीला आर्वीच्या बाजारातलं लाल टोपडं घातलं. चुलत नणंदेने घातलं, तिला दोन मुलगे. नावही तिनेच कानात सांगितलं. आपल्याच लेकीचं टोपडं बाजूला ठेवताना सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही, हेही लिहायला हवं. त्याही भ्यालेल्याच होत्या. ताईंनी जेवणाच्या पंगतीत वाढलं, भांडी घासली. निघताना माझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी टोपडं आत सरकवलं आणि म्हणाल्या, "घालू नको. पन फेकू नको. राहू दे तुह्यापाशी." मी ते ट्रंकेत तळाशी ठेवलं.

त्यानंतर सहा वर्षांत ताईंनी माझ्या मुलीला हात लावला नाही. पुढे आम्ही वर्ध्याला राहायला आलो; तिथे आल्या तर तिच्यासाठी बोरं आणत, पण तिच्या हातात देत नसत, तिच्यासमोर ताटलीत ठेवत. मंदा, माझी मुलगी, तीन वर्षांची असताना आम्ही पुलगावच्या फलाटावर गाडीची वाट पाहत होतो. मी तिकिटाच्या खिडकीशी होते, ती धावता धावता पडली, गुडघा फुटला. ताई तिच्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. त्यांनी उचललं नाही. तिथूनच ओरडल्या, "सुमन, उचल तिले. लवकर उचल!" माझं डोकं असं फिरलं! एवढ्याशा टोपड्यावरून बाईने किती वर्षं रुसायचं, आणि तेही लेकरावर? गाडीत बसल्यावर मी ह्यांच्याशी तेच बोलत होते. तुमच्या बहिणीने राग धरलाय, तिचं मन दगडाचं आहे, असं काहीबाही. हे खिडकीबाहेर पाहत राहिले. मला माझा राग फार सोयीचा होता. ताई रुसल्या आहेत असं म्हटलं की बारशाच्या दिवशी मी गप्प बसले हे आठवायला लागत नसे.

यंदा दिवाळीनंतर ताईंना कावीळ झाली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे हळदीसारखे पिवळे, हातापायाच्या काड्या. मंदाला मी दाराशी थांबायला सांगितलं होतं. पण सहा वर्षांच्या मुलीला आजार काय आणि रिवाज काय. ती सरळ आत गेली आणि ताईंच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. "आत्या, तू पिवळी काऊन झाली?" ताईंनी दोन्ही हात वर उचलले. तसेच हवेत धरून ठेवले. मांडीवरचं डोकं हलू नये म्हणून बसल्या जागी त्या हलल्यासुद्धा नाहीत, पण हातही खाली आणले नाहीत. "घे वं सुमन तिले," एवढंच हळू म्हणत राहिल्या. मला वाटलं, आजार लागेल म्हणून म्हणत असतील. मंदा उठेपर्यंत त्यांचे हात तसेच वर होते.

त्यानंतर दोन दिवसांनी तो गिरणीतला माणूस पहिल्यांदा आला, पोरगी बरी आहे का विचारायला. मी त्याला चहा दिला आणि मनात म्हटलं, इतकी वर्षं हात लावला नाही आणि आता एकाएकी भाचीचा पुळका. दुसऱ्यांदा तो आला ते वर सांगितलंच आहे.

तेराव्याला सगळं आटोपल्यावर भाऊजी आणि मी त्यांच्या खोलीत बसलो होतो. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. ताईंनी शेवटपर्यंत त्या टोपड्याचा राग सोडला नाही, असं काहीसं. भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले. "राग?" ते म्हणाले. "सुमनबाई, तुमाले मालूम नाई काय? तिनं सांगितलं नाई कधी?" मी नाही म्हणून मान हलवली. मग ते हळूहळू सांगत गेले. "लोकायच्या नजरेसाठी गालावर काजळाची तीट लावतेत. थे बाहीर असते, साऱ्यायले दिसते. हा टाका लोकायसाठी नव्हता. तिचं म्हननं असं, का माहीच नजर वाईट हाय. पयल्या लेकराले मी पाह्यलं न् थे गेलं. आता हे लेकरू मले पाहू वाटनच, जीव लागनच. मंग त्याले माह्यापासून कोन राखन? म्हनून आतून घातली तीट, चामडीले लागून. सोताच्या नजरेसाठी." मग म्हणाले, "टोपडं घातलं नाई, तं तीट राह्यली नाई. म्हनून हात नाई लावला तिनं पोट्टीले. तुमी आले होते त्या दिवशी पोट्टीनं मांडीवर डोक्सं ठेवलं, तं दोन दिवस मले सुचू देल्लं नाई. म्हने, जा, कोनाले तरी वर्ध्याले धाडा, पोट्टी बरी हाय का पाहा."

मी तिथे कशी बसून राहिले ते मला ठाऊक नाही. ताईंना ओसरीवर काऊन म्हणून विचारलं होतं, तेव्हा त्यांच्याकडे उत्तर होतं. पण ते द्यायचं तर साऱ्या बायकांपुढे, आपल्या आईपुढे म्हणावं लागलं असतं की मी वाईट नजरेची आहे. आणि मी तो महिनाभर त्यांच्या हातचं जेवले, त्यांचे दाणे मोजले, आणि त्यांना एकदाही सांगितलं नाही की ताई, माझा मुलगा तुमच्यामुळे गेला नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं मला माहीत होतं. ते त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं की ते सांगायचं काम दुसऱ्या कुणाचं तरी आहे, आणि ते माझंच होतं.

घरी आल्यावर मी ट्रंकेच्या तळातून टोपडं काढलं. सहा वर्षांत सूत जरा पिवळट झालंय, लोकरीला कसर लागलेली नाही. मंदाने ते आपल्या मुठीवर चढवलं, नाडी ओढली, सोडली, पुन्हा ओढली. कुणाचं म्हणून विचारलं. तुझं, आत्याने तुझ्यासाठी विणलेलं, म्हणून मी तिला सगळं सांगितलं. लहान आहे, पण सांगितलं. तिने काठ उलटून काळा टाका पाहिला, त्यावर बोट ठेवलं. "मंग आत्याले कोनीच नाई सांगितलं काय, का तिची नजर वाईट नाई म्हनून?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "तू?" मी म्हटलं, "मीही नाही." ती टोपडं माझ्या हातात देऊन खेळायला निघून गेली. त्या दिवसापासून टोपडं ट्रंकेत नाही. आरशाजवळच्या खिळ्यावर टांगलं आहे, काठ उलटा करून, काळा टाका दिसेल असा. घरी येणारं माणूस विचारतं, हे काय? मी सांगते, माझ्या नणंदेने स्वतः ठरवून केलेला नमुना आहे, कुणाच्या पुस्तकातला नाही. मग टाक्याचंही सांगते. काही बायका ऐकून उठून जातात.

पण घरी येणारी माणसं किती येणार? म्हणून हे छापायला देते आहे. मार्गशीर्षातल्या त्या दुपारी रोहण्याच्या ओसरीवर जे बोलायचं होतं ते आज सगळ्यांपुढे बोलते. काळा टाका मी पाहिला होता. माझा मुलगा आजाराने गेला, कमळाताईंच्या नजरेने नाही. ताईंची नजर चांगली होती. माझ्या मुलीला टोपडं घालायचा मान त्यांचा होता, आणि घाला ताई, असं मी म्हणायला हवं होतं... घाला ताई.